नखांचं दुखणं अंगावर काढू नका

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर बरुआसागर येतं. ओरछाच्या राजा उदितसिंहांनी अठराव्या शतकात बांधून घेतलेला विशाल तलाव, त्याच्या काठचा किल्ला आणि आल्याची शेती ही या गावाची ओळख. आलं लावायचं, खणायचं, धुवायचं, म्हणजे हात सतत ओल्या मातीत. घरी परतल्यावर पुन्हा भांडी आणि धुणं आहेच.

अशा हातांची पहिली तक्रार असते नखांची. नखाच्या कडेची कातडी लाल होते, सुजते, ठणकते. आपल्याकडे याला नखुरडं म्हणतात आणि बोट लिंबात खुपसून बसायचा सल्ला आजीबाई लगेच देतात. पण पू धरला असेल, तर तो डॉक्टरांनी छोटीशी चीर देऊन काढणंच योग्य. दुखणं महिनोन् महिने रेंगाळत असेल, तर कारण वेगळं असतं. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा हे नखाचं दार असतं. पाणी आणि साबणाने ते झिजतं किंवा हौसेने कापलं जातं, आणि मग आत ओल शिरते. इथे खरं औषध म्हणजे हात कोरडे ठेवणं. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर नखांभोवती पेट्रोलियम जेली चोळावी. सूज उतरण्याचं मलम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावं.

नख जाड, पिवळं, ठिसूळ झालं की औषधाच्या दुकानातून बुरशीची गोळी आणली जाते. पण बिघडलेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. सोरायसिस, लायकेन प्लेनस किंवा घट्ट चपलेचा मारही तसाच दिसतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आधी नखाचा तुकडा तपासायला पाठवतात. बुरशी निघाली, तर हाताच्या नखांसाठी सुमारे ६ आठवडे आणि पायांच्या नखांसाठी १२ आठवडे गोळ्या चालतात. यकृताची तपासणीही करावी लागू शकते. धीर मात्र हवा. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. नवं नख पुरतं यायला ६ महिने आणि पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

अंगठ्याचं नख मांसात रुतलं की माणूस लंगडायला लागतो. घरी ब्लेडने कोरण्याचा मोह टाळावा, मधुमेह असेल तर खासच. डॉक्टर बोट बधिर करून नखाची रुतलेली पट्टी तेवढी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती बाजू सहसा पुन्हा रुतत नाही. हे काम दवाखान्यातच होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. नंतर पाय उंचावर ठेवायचा, सांगितल्याप्रमाणे पट्टी बदलायची आणि पुढे नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशाच एखाद्या घरातल्या आत्याबाईंच्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ उमटते. ‘दारात चेमटलं असेल,’ असं म्हणून त्या वर्ष काढतात. माराने साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि निघून जातं. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर तपकिरी रेघा असणंही बहुधा निरुपद्रवी असतं. पण एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा शेजारच्या कातडीवर पसरणारी रेघ म्हणजे मेलॅनोमा हा कर्करोग असू शकतो. नखाच्या मुळातला कणभर तुकडा तपासला की शंका फिटते. रोग लवकर सापडला, तर अनेकदा बोटही वाचवता येतं. उशीर झाला, तर प्रश्न जिवाचा होतो.

बरुआसागरसारख्या गावातून झाशीचं महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय काही फार लांब नाही. आपल्या गावाजवळही असं एखादं रुग्णालय असेलच. आज रात्री जेवणं आटोपली की घरातल्या सगळ्यांची नखं एकदा दिव्याखाली पाहा. नेलपॉलिश असेल, तर ते आधी पुसून टाका!