चुकलेल्या उत्तरामागचा विचार: संगणक, मानवी मन आणि धडगावची शाळा

१/ मनुष्य विचार कसा करतो हे जाणण्यासाठी त्या विचारक्रियेची प्रतिकृती संगणकावर उभारण्याच्या प्रयत्नांना आता सत्तर वर्षे होत आली. या धाग्यात त्यांचा अल्प इतिहास पाहू, आणि सातपुड्यातील धडगावच्या शाळांना त्यातून काय घेता येईल, याविषयी एक मत मांडू.

२/ १९५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ या अमेरिकी संशोधकांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी आज्ञावली रचली. पुढे न्यूएल व सायमन यांनी कोडे सोडवणाऱ्या माणसाला मनातली प्रत्येक पायरी मोठ्याने बोलावयास सांगितले, ते बोलणे टिपले आणि त्याच पायऱ्यांनी चालणारी आज्ञावली लिहिली. माणूस जिथे अडखळतो तिथेच यंत्रही अडखळले, तर प्रतिकृती साधली असे ते मानीत.

३/ या पद्धतीचा सर्वांत उपकारक वापर शाळेत झाला. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतील चुकांची प्रतिकृती प्रसिद्ध केली. त्यासाठी निकाराग्वातील १,३०० हून अधिक शाळकरी मुलांची उत्तरे तपासण्यात आली होती.

४/ एक उदाहरण घेऊ. ५२ − ३८ = २६, ६३ − २७ = ४४, ७१ − ४८ = ३७. तिन्ही उत्तरे चूक. पण तिन्हींमागे एकच नियम आहे: प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणे. मूल मठ्ठ नाही, निष्काळजीही नाही. ते आपला नियम काटेकोरपणे पाळते आहे. फक्त दशक सुटा करण्याची पायरी त्याच्या नियमात नाही. तेवढीच पायरी शिकवावयाची, हे प्रतिकृती दाखवते.

५/ हे काम केवळ परदेशीच झाले असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व रंगस्वामी नरसिंहन यांनी केले. पुढे ते भाषाव्यवहाराच्या प्रतिकृतीकडे वळले. १९८१ मध्ये त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका तमिळभाषक बालिकेचे घरातील मोठ्यांशी होणारे संवाद ध्वनिमुद्रित करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने अभ्यासले. मूल शिकते कसे, हे शोधताना संगणकशास्त्रज्ञाने आधी मुलाचे बोलणे ऐकले.

६/ आता धडगाव. अक्राणी तालुक्याच्या या मुख्य गावाच्या परिसरात अनेक घरांत पावरी बोलली जाते. जनगणना तिची गणना भिली-भिलोडीत करते. २०११ मध्ये या गटाचे भाषक १ कोटीहून अधिक होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत भिली नाही. पावरी बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा गणिताआधी त्याच्यापुढे प्रमाण मराठीचा घाट उभा असतो. ‘मोठ्याने विचार कर’ असे त्याला सांगितले, तर त्याने तो कोणत्या भाषेत करावा?

७/ आजची भाषिक प्रारूपे लिखित मजकुराच्या प्रचंड साठ्यावर घडतात. ज्या भाषेचे लेखन थोडे, तिच्या भाषकाचे मन अशा यंत्राला अपरिचितच राहणार. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ या अनुवाद-साधनात भिलीचा समावेश आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु वाक्याचा अनुवाद होणे निराळे, आणि मुलाने ते गणित तसे का सोडवले हे कळणे निराळे.

८/ कोणी म्हणेल, मुलांना लवकर मराठी शिकवा म्हणजे प्रश्न मिटेल. मराठी अवश्य शिकवावी. पण ती येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्यात ‘याला गणित येत नाही’ हा शिक्का पक्का होतो. शाब्दिक उदाहरणात मूल भाषेत अडले की गणितात, हे नुसत्या गुणपत्रिकेवरून कळत नाही.

९/ म्हणून आमचे मत असे: या भागातील शाळांत तयार शैक्षणिक ॲप पोहोचवण्याआधी, पालकांच्या संमतीने, पावरी जाणणाऱ्या शिक्षकांकडून मुलांचे गणित सोडवतानाचे बोलणे टिपले जावे. तो संग्रह गावाच्या मालकीचा असावा. यंत्र पुढे येईल तेव्हा येईल. पण चुकलेल्या उत्तरापाशी थांबून ‘तू हे कसे केलेस?’ असे मुलाच्या भाषेत विचारणे उद्याच्या तासालाही शक्य आहे.