सरासरीच्या तागडीत हजारे आणि कोहली

१२ मे २०२५ रोजी विराट कोहली यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवसापासून ‘भारताचा सार्वकालिक सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण?’ या प्रश्नाचा निकाल लावून टाकण्याची एकच घाई सुरू झाली. वृत्तपत्रांत आकड्यांचे तक्ते झळकले, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या, आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील तरुणांनीही आपला कौल देऊन टाकला. या कौलाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती निवाड्याच्या पद्धतीविषयी. ज्या खटल्यात एका पक्षाची साक्षच नोंदवली जात नाही, त्याच्या निकालाला न्याय कसे म्हणावे?

कोहलीभक्तांचा युक्तिवाद साधा आहे. १२३ कसोटी सामने, ९२३० धावा, ३० शतके. शिवाय एकदिवसीय सामन्यांतील ते ५०वे शतक, जे त्यांनी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर, प्रत्यक्ष सचिन तेंडुलकरांच्या डोळ्यांदेखत झळकावले. यापुढे जुनी मंडळी ती काय, असा त्यांचा सूर असतो. ठीक आहे, त्यांच्याच मापाने मोजू. कोहली यांची कसोटीतील सरासरी ४६.८५. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेल्या विजय सॅम्युअल हजारे यांची सरासरी ४७.६५. म्हणजे हजारे श्रेष्ठ ठरले काय? नाही. ३० सामन्यांची सरासरी आणि १२३ सामन्यांची सरासरी ही दोन निराळी वजने आहेत. इतकी वर्षे ती टिकवून धरणे ही स्वतंत्र कर्तबगारी आहे. आम्हाला इतकेच दाखवायचे आहे की, ज्या तागडीचा ही मंडळी अभिमान बाळगतात, ती त्यांच्या बाजूनेही धड झुकत नाही.

आणि हजारे यांचे सामने तीसच का? १९३६ नंतर भारत पुढचा कसोटी सामना खेळला तो थेट १९४६ साली. मधली दहा वर्षे युद्धाने गिळली. हजारे यांनी पदार्पण केले तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्या वयाला कोहली यांचे ऐंशीहून अधिक कसोटी सामने खेळून झाले होते. फलंदाजाच्या ऐन उमेदीची वर्षे इतिहासाने हिरावून घेतली, तर त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ती करावी, पण नेमकी करावी. सुदैवाने त्यासाठी एक मैदान उपलब्ध आहे: अॅडलेड. जानेवारी १९४८ मध्ये तेथे हजारे यांनी ११६ आणि १४५ धावा काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच मैदानावर कोहली यांनी ११५ आणि १४१ धावा काढल्या. दोन्ही वेळा भारत हरला. आकडे जवळजवळ जुळे. परंतु त्या आकड्यांच्या आत शिरून पाहा. हजारे यांच्यापुढे ६७४ धावांचा डोंगर होता, त्यात ब्रॅडमन यांच्या २०१. फॉलोऑननंतरच्या डावात लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ गडी टिपले आणि भारताच्या २७७ धावांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या हजारे यांच्या होत्या. सामना वाचण्याची आशा नव्हती. राखायची होती ती केवळ संघाची अब्रू. कोहली यांच्यापुढे ३६४ धावांचे लक्ष्य होते, कर्णधारपदाचा पहिलाच सामना होता, आणि सामना अनिर्णित राखण्यापेक्षा जिंकण्याचा प्रयत्न करण्याचे धाडस त्यांनी केले. भारत ४८ धावांनी हरला, तरी त्या धाडसाची किंमत आम्ही कमी लेखणार नाही.

त्याच सामन्यात मिचेल जॉन्सन यांचा पहिलाच चेंडू कोहली यांच्या हेल्मेटवर आदळला होता. फिलिप ह्यूज यांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. हेल्मेट होते म्हणून खेळ पुढे चालू राहिला. लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर हजारे यांच्या डोक्यावर काय होते? साधी टोपी. तक्त्यात मात्र ११६ आणि ११५ शेजारी शेजारी बसतात.

आमच्या पिढीच्या लोकांनी येथे फार सुखावून जाऊ नये. ‘आजची पोरे हेल्मेटच्या आड लपतात’ हे पालुपद तितकेच पोकळ आहे. सुनील गावसकरांच्या १९७१ च्या ७७४ धावांचे पोवाडे गाताना आपण सोयीस्करपणे विसरतो की, त्या वेळच्या वेस्ट इंडीज संघात ना हॉल होते, ना ग्रिफिथ. गावसकरांची खरी परीक्षा पुढे, १९८३ साली मार्शल यांच्यासमोर झाली, आणि तीत ते उतरले. तसेच कोहली यांचे. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत अवघ्या १३४ धावा करणारा फलंदाज २०१८ मध्ये त्याच भूमीवर ५९३ धावा काढून परततो, यात जे मनोबल आहे, ते त्यांच्या तिसांपैकी कित्येक शतकांत नाही. भक्तमंडळी मात्र शतकेच मोजत बसतात.

हजारे यांचा एक डाव मात्र कसोटीच्या हिशेबात कधीच धरला जात नाही. १९४३ सालच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते ज्या संघाकडून खेळले, त्याचे नावच ‘इतर’ असे होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांना नावे होती; ख्रिस्ती आणि अन्य लहान समाज ‘इतरां’त. त्या ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी हजारे यांनी एकट्याने ३०९ काढल्या. बंधू विवेक यांच्यासमवेतच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा! धर्मावर बेतलेली ती स्पर्धा बंद पडली, हे योग्यच झाले. पण ती खेळी तिच्यासोबत पुरली जावी, हे कोणत्या न्यायाने?

आज विजय हजारे हे नाव तरुणांना ठाऊक आहे ते एका करंडकामुळे. तो दिला जातो पन्नास षटकांच्या स्पर्धेसाठी. लीड्सला १९५२ साली शून्यावर चार गडी बाद झालेले असताना पाय रोवून ५६ धावा काढणाऱ्या, संथ खेळाबद्दल हयातभर टीका सोसलेल्या फलंदाजाचे नाव झटपट क्रिकेटच्या करंडकाला! नाव देणाऱ्यांनी त्यांचा खेळ कितपत पाहिला होता, हे आम्ही विचारत नाही. सर्वश्रेष्ठ कोण याचा निकाल देणाऱ्यांनी पाहिला आहे काय, एवढेच विचारतो.