एकोणीस वर्षांचे अल्पमत

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याचे मुख्यमंत्रिपद 8 ऑगस्ट 1968 पासून 1 डिसेंबर 1987 पर्यंत जो ब्येल्के-पीटरसन या एकाच शेतकरी पुढाऱ्याच्या हाती होते. या दीर्घ कारकिर्दीचे एक सोयीस्कर स्पष्टीकरण तेथील शहरी पुरोगाम्यांत पुष्कळ काळ रूढ होते. खेडवळ, धर्मभीरू, अर्धवट वाक्ये बोलणारा हा माणूस खेडवळ मतदारांना भावला आणि राज्य मागासलेले म्हणून त्याचा पुढारीही तसाच, असे ते स्पष्टीकरण. ते ऐकावयास बरे वाटते. पण त्यात हिशेब नाही, आणि या कारकिर्दीचे रहस्य हिशेबातच आहे.

ब्येल्के-पीटरसन यांचा जन्म 1911 साली न्यूझीलंडमध्ये, एका डॅनिश धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला. किंगारॉय येथे त्यांनी भुईमूग पिकविला, काही वर्षे जुन्या गोठ्यात राहून काढली. ही कष्टांची कहाणी खरी आहे. तथापि दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी बांधून जंगल भुईसपाट करण्याचा, तसेच विमानातून फवारणीचा व्यवसायही त्यांनी केला आणि त्यातून ते सधन झाले, हेही तितकेच खरे. शेतकऱ्याच्या वेषातील हा कंत्राटदार 1947 साली विधिमंडळात आला.

दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, तेथील मजूर पक्षाच्या सरकारने मतदारसंघांची नवी रचना केली. राज्याचे चार विभाग पाडण्यात आले आणि पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या विभागात राजधानी ब्रिस्बेनच्या निम्म्याहून कमी मतदारांमागे एक जागा देण्यात आली. खाणकामगार, रेल्वे कामगार आणि मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूर यांच्यामुळे हा दूरचा प्रदेश त्या वेळी मजूर पक्षाचा बालेकिल्ला होता. साहजिकच 1950 च्या निवडणुकीत विरोधी आघाडीहून कमी मते मिळूनही त्या पक्षाने सत्ता राखली. हा अल्पसंख्येने बहुसंख्येवर राज्य करण्याचा डाव आहे, अशी टीका विरोधी बाकावरून ज्यांनी केली, त्यांत तरुण ब्येल्के-पीटरसन होते!

1957 साली मजूर पक्ष फुटला, सत्ता कंट्री पक्ष व लिबरल पक्ष यांच्या आघाडीकडे गेली, आणि विभागवार रचनेची किल्लीही तिच्याबरोबर गेली. नव्या मालकांनी ती मोडली नाही. आपल्या मापाने बेतून घेतली. 1972 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे 47 टक्के मते आणि 82 पैकी 33 जागा मिळाल्या. कंट्री पक्षाला मते 20 टक्के, जागा 26. त्याहून अधिक मते असलेल्या लिबरल पक्षाला 21 जागा मिळाल्या, म्हणून त्याने धाकट्या भावाप्रमाणे मागे बसावयाचे! पुढे 1986 मध्ये, नॅशनल पक्ष असे नाव घेतलेल्या याच पक्षाने 40 टक्क्यांहून कमी मतांवर 89 पैकी 49 जागा जिंकून एकट्याने राज्य केले.

खेड्याच्या नावाने मिळविलेल्या या सत्तेचा लाभ कोणाला झाला? बोवेन खोऱ्यातील दगडी कोळसा परदेशी भांडवलाने खणला आणि जपानला विकला. 1970 मध्ये कोमाल्को या बॉक्साइट कंपनीचे शेअर स्वस्तात देण्यात आले, तेव्हा घेणाऱ्यांत काही मंत्री होते, मुख्यमंत्र्यांच्या पत्नीही होत्या.

परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी निर्णय वारसा कराचा. शेतकऱ्याच्या मुलाला बापाची जमीन कर भरण्यासाठी विकावी लागू नये, या युक्तिवादाने 1977 मध्ये क्वीन्सलँडने हा कर रद्द केला. युक्तिवादात तथ्य होते. छोट्या व मध्यम शेतांना सूट देऊन तो प्रश्न सुटला असता. प्रत्यक्षात कर सर्वांनाच माफ झाला. धनिक वृद्ध आपल्या ठेवींसह क्वीन्सलँडच्या किनाऱ्याकडे वळू लागले, आणि ते गमावण्याच्या भीतीने इतर राज्यांनीही थोड्याच वर्षांत हा कर सोडला. केंद्राने 1979 मध्ये तेच केले. ऑस्ट्रेलियात आजही वारसा कर नाही. शेतकऱ्याच्या अश्रूंवर शहरी संपत्तीची एवढी मोठी करमाफी क्वचितच कोठे मिळविली गेली असेल.

अशी सत्ता टीकेला भिते. 1971 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या रग्बी संघाच्या रक्षणार्थ राज्यात आणीबाणी पुकारली गेली. 1977 मध्ये राजकीय मोर्चांवर बंदी आली आणि ऑक्टोबरातील एकाच दिवशी चारशेहून अधिक लोकांना अटक झाली. 1985 मध्ये कंत्राटी मजुरीविरुद्ध संप करणाऱ्या सुमारे एक हजार वीज कामगारांना बडतर्फ करण्यात आले. मूळ रहिवाशांसाठी केंद्रीय आयोगाने आर्चर नदीकाठची पट्ट्याची जमीन विकत घ्यावयाचे ठरविले, तर राज्य सरकारने हस्तांतरणच अडविले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वांशिक भेदभावविरोधी केंद्रीय कायदा वैध ठरविला, तरी राष्ट्रीय उद्यानाची सबब पुढे करून जमीन रोखून धरण्यात आली. ज्या ग्रामीण जनतेच्या नावाने हे राज्य चालले, तिच्यात या लोकांची गणना कधी झालीच नाही.

1987 मध्ये पंतप्रधानपदाची स्वप्ने पाहत ब्येल्के-पीटरसन कॅनबेराकडे निघाले. फळ एवढेच, की केंद्रातील विरोधी आघाडी फुटली आणि मजूर पक्षाचे हॉक पुन्हा निवडून आले. राष्ट्रीय राजकारणात क्वीन्सलँडचे विभाग नव्हते, हा धडा त्यांना महाग पडला. त्याच वर्षी पोलिसांच्या लाचखोरीची चौकशी करण्यासाठी टोनी फिट्झजेराल्ड यांची नेमणूक झाली. पोलीस आयुक्त आणि काही माजी मंत्री पुढे तुरुंगात गेले. स्वतः ब्येल्के-पीटरसन यांच्यावर खोट्या शपथेचा खटला चालला, पण 1991 मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही. 2005 साली त्यांचे निधन झाले.

मजूर पक्ष डिसेंबर 1989 मध्ये, बत्तीस वर्षांनी, सत्तेवर परतला. 1949 ची विभागवार रचना त्याने 1992 च्या निवडणुकीपूर्वी रद्द केली. म्हणजे जवळजवळ रद्द केली. एक लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या मतदारसंघात क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांएवढे काल्पनिक मतदार धरावयाची तरतूद कायद्यात ठेवण्यात आली. ते मतदार अजूनही मोजले जातात.