जॅकेट नौकेत नव्हे, अंगावर हवे

नेरे गावाशेजारचे कासारसाई धरण असो की पलीकडची पवना आणि मुळशीची धरणे असोत, तेथे नौकाविहाराला निघालेल्या मंडळींचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडायचे विरोधी मत, सहसा असा असतो की धरणाचे पाणी संथ असते, पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही आणि ते नौकेत हाताशी असले म्हणजे पुरे.

यातील पहिले विधान 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयाने खोटे ठरवले. कुगावहून कळाशीकडे निघालेली नौका वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या नौकेतील एक जण पोहून काठाला लागला हे खरे, परंतु पोहण्याची कला शुद्धीवर असलेल्या, जखमी न झालेल्या माणसाच्याच उपयोगी पडते; नौकेची कड डोक्याला लागल्यावर पट्टीचा पोहणाराही असहाय होतो. हाताशी ठेवलेल्या जॅकेटचा भरवसा तर सर्वांत घातक आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाची वेगवान नौका धडकली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते आणि अशा क्षणी ते शोधून, घालून, पट्टे आवळायला सवड मिळत नाही. बंदिस्त केबिनमध्ये फुगलेले जॅकेट बाहेर पडताना अडसर ठरू शकते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण उघड्या नौकेला तो लागू होत नाही.

तथापि कोणतेही जॅकेट चालते असेही नाही. त्याची तरंगवण्याची शक्ती न्यूटन या एककात मोजतात आणि दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो वजन पेलणारे बल होय. पन्नास न्यूटनचे साधन काठाजवळच्या, पोहता येणाऱ्या व्यक्तीस केवळ आधार देते. शंभर किंवा अधिक न्यूटनचे जॅकेट मानेमागच्या फुगवट्यामुळे बेशुद्ध माणसाचेही तोंड बहुधा वर वळवते, म्हणून न पोहणाऱ्याने तेच मागावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घालणे हा तर निव्वळ निष्काळजीपणा आहे, कारण पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. मुलाला त्याच्या वजनाचे, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेटच हवे. पट्टे आवळून हात वर करावेत आणि दुसऱ्याने खांद्यापाशी धरून ते वर ओढावे; हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. फाटलेले किंवा तुटक्या बकलाचे जॅकेट बदलून मागावे आणि न मिळाल्यास पर्यटकांनी तिकीट परत करून काठावरच थांबावे.