संकेतस्थळावर गिऱ्हाईक येते ते प्रश्न घेऊन

२०२० च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचे चक्र अडखळले आणि कोकणातल्या अनेक आंबा बागायतदारांनी हापूसची पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला सुरुवात केली. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचे संकेतस्थळही उघडले. अशी दहा संकेतस्थळे एकापाठोपाठ पाहिली, तर त्यांतली बहुतेक एकसारखी दिसतात. वर पिवळ्याधमक आंब्याचे छायाचित्र, खाली ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’, ‘रसायनमुक्त’ हे शब्द, मग डझनाचा भाव आणि फोन नंबर. तिथे कोणी फिरकत नाही म्हणून बागायतदार हवालदिल होतो आणि त्याच सुमारास कोणीतरी त्याला ‘तुमची साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगून वर्षाचे पॅकेज विकतो. माझे म्हणणे असे की छोट्या व्यवसायाने हा पैसा वाचवावा. फोनवर रोज दिली जाणारी उत्तरे जो व्यावसायिक संकेतस्थळावर नीट लिहून ठेवतो, त्याच्याकडे लोक आपोआप येऊ लागतात.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे सांगते. जाहिरातीची जागा विकत मिळते, तिच्याखालचा शोधनिकालांतला क्रमांक मिळत नाही. पानाच्या आत लपवलेल्या ‘कीवर्ड’च्या यादीला आपण क्रमवारीत किंमत देत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. इतर साइटींवरून विकत घेतलेल्या दुव्यांवर २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलानंतर चाप बसला. तरीही या दोन्ही गोष्टी पॅकेजमध्ये घालून आजही विकल्या जातात, आणि त्या घेणारा माणूस कष्टाचे पैसे मोजत असतो. जाहिरातीचे तसे नाही, तिने लोक खरोखर येतात. पण ते टँकरचे पाणी आहे. ऐन हंगामात एखादा टँकर मागवायला हरकत नाही, मात्र पैसे थांबले की पाणी थांबते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच मोजावे लागतात.

आता गिऱ्हाईक काय विचारते ते पाहू. पेटी आली, पण आंबे हिरवे आहेत, पिकायला किती दिवस लागतील? फ्रिजमध्ये कधी ठेवायचे? सालीवर सुरकुत्या पडल्या, म्हणजे खराब झाले का? वरून सुरेख दिसणारा आंबा आतून पांढरट आणि आंबूस का निघाला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘साका’ या एका शब्दात प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते. हा दोष फळ कापल्याशिवाय दिसत नाही आणि पेटीत असा एखादा आंबा निघाला की शहरातल्या माणसाला आपण फसवले गेलो असे वाटते. साका म्हणजे काय, तो कशाने वाढतो, फळ केव्हा उतरवले तर कमी होतो आणि असे फळ निघाल्यास आपण भरपाई कशी देतो, हे ज्या पानावर सरळ लिहिले आहे, त्या पानावर ‘अस्सल’ हा शब्द लिहायचीही गरज उरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका टाळण्यासाठी ‘रत्ना’ ही संकरित जात काढली. ज्याच्या बागेत तिची झाडे आहेत, त्याने तिची चव हापूसपेक्षा वेगळी कशी लागते हे लिहावे. रसायनमुक्त म्हणवणाऱ्याने कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर बंदी आहे, इथिलीन वायू मात्र ठरावीक प्रमाणात चालतो, आणि आपण स्वतः अढी कशी घालतो, हे सांगावे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकला जात असताना या मानांकनाचा अर्थ काय आणि आपली नोंदणी कुठे पडताळून पाहायची, हे गिऱ्हाइकाला हवेच असते.

लिहिलेले यंत्राला वाचता आले पाहिजे, ही एक अडचण मराठीत विशेष आहे. आपल्याकडे दरपत्रक, माहिती, सणाची सवलत, सगळे छापखान्यातून चित्र करून आणायचे आणि तेच साइटवर चिकटवायचे, अशी सवय आहे. माणसाला ते मराठी दिसते, पण शोधयंत्राला त्यातून फारसे हाती लागत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा असतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये, साध्या अक्षरांत पुन्हा उतरवला तर एक पैसाही न खर्चता ते पान शोधात येऊ शकते.

यावर पहिला आक्षेप असा, की आमचा सगळा धंदा व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर चालतो, साइट हवी कशाला? त्या माध्यमांवर ओळखीचे लोक टिकतात हे खरेच आहे, ती सोडू नयेत. पण ती जागा भाड्याची आहे. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे हजारो अनुयायी जमवलेल्यांची सारी मिळकत एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. शिवाय मागच्या एप्रिलमध्ये टाकलेली पोस्ट या एप्रिलमध्ये अनोळखी माणसाला सापडणे कठीण. साक्याबद्दलचे पान मात्र दरवर्षी त्याच प्रश्नाला उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आता गूगल स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तर लिहून वर दाखवते, मग पानापर्यंत येणार कोण? प्यू या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वापरकर्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. असा सारांश दिसलेल्या शोधांपैकी ८ टक्क्यांतच लोकांनी खालचा दुवा उघडला, सारांश नसलेल्या शोधांत हे प्रमाण १५ टक्के होते. घट मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. ‘आंब्याचे फायदे’ अशी कुठेही मिळणारी माहिती लिहिणाऱ्याला तिचा सर्वाधिक फटका बसेल. पण ज्याला पाच डझनांची पेटी हवी आहे, त्याची गरज सारांशाने भागत नाही, त्याला शेवटी कोणाकडून तरी ती घ्यावीच लागते. यंदा आपल्या कातळावरच्या बागेत मोहोर कधी आला, पहिली तोड केव्हा होणार, पुण्याला पेटी कितव्या दिवशी पोचते, ही माहिती बागायतदाराने लिहिल्याशिवाय कोणत्याही यंत्राकडे येणार नाही.

राहिला प्रश्न वेळेचा आणि लेखनाच्या सवयीचा. लिहायची सवय नसेल तर फोनमध्ये मराठीत बोलून टाइप करता येते, आणि फोनवर ज्या शब्दांत समजावतो तेच शब्द पानावरही चांगले वाटतात. वेळ मात्र योग्य निवडायला हवा. नवे पान शोधयंत्राच्या नजरेत येऊन स्थिरावायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. गुढीपाडव्याला लिहिलेले पान अक्षय्यतृतीयेच्या मागणीला पुरेलच असे नाही. म्हणून हे काम पावसाळ्यात व्हावे, बागेतली धावपळ थोडी कमी असते आणि हंगामातले फोन अजून आठवत असतात तेव्हा. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनात लोकांनी कोणते शब्द टाइप केल्यावर आपली साइट दिसली आणि त्यांतल्या कितींनी ती उघडली, हे कळते. मे संपल्यावर ती यादी काढावी, जिथे साइट दिसली पण कोणी उघडली नाही असे प्रश्न वेगळे करावेत आणि जूनमध्ये लिखाणाला त्यांच्यापासून सुरुवात करावी.