दनांगला जाण्याआधी सिरपूर

२०१९ साली सुमारे १ लाख ६९ हजार भारतीय व्हिएतनामला गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा ५ लाखांच्या वर गेला. थेट विमानं, घरबसल्या मिळणारा ई-व्हिसा आणि मध्यमवर्गाला झेपणारा खर्च, ही त्याची उघड कारणं. भिलाईच्या हुडको वसाहतीतलं एखादं मराठी कुटुंबही आज रायपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून बेतशीर पैशांत व्हिएतनाम पाहून येऊ शकतं.

मध्य व्हिएतनाममधलं दनांग अशा सहलींत हमखास असतं. त्याच्या वाट्याला बहुधा एकच पूर्ण दिवस येतो आणि तो दिवस आधीच ठरलेला असतो. सकाळी बा ना हिल्स, जवळजवळ सहा किलोमीटरची केबल कार, दोन दगडी वाटणाऱ्या अवाढव्य हातांनी पेललेला २०१८ सालचा सोनेरी पूल. संध्याकाळी जवळच्या होई आन या जुन्या गावातले कंदील. रात्री भारतीय हॉटेलात पनीर आणि नान. मुलांना यात मजा येते, ज्येष्ठांचे पाय दुखत नाहीत, आणि हे सगळं महत्त्वाचं आहेच. तरीही छत्तीसगडातून गेलेल्या कुटुंबानं तो दिवस असा खर्चू नये. त्या मातीत आपल्या ओळखीचं इतकं काही आहे, की ते न बघता परतणं हे खरं नुकसान आहे.

त्यासाठी आधी घराजवळ पाहावं लागेल. भिलाईहून रायपूरमार्गे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, महानदीच्या काठी, महासमुंद जिल्ह्यात सिरपूर आहे. तिथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं. पांडुवंशी राजा हर्षगुप्ताच्या मागे त्याची राणी वासटा हिनं, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन गादीवर असताना ते बांधवलं. गाभाऱ्याची चौकट दगडी, पण शिखर विटांचं, आणि त्या विटांवरच चैत्यगवाक्षांची नक्षी कोरलेली. विटेतलं इतकं देखणं काम भारतात फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे. भिलाईतल्या कितीतरी घरांनी मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातले वाघ दहादा पाहिले असतील. सिरपूर मात्र ‘जाऊ कधीतरी’वर राहून गेलेलं असतं.

आता दनांगपासून सत्तरेक किलोमीटरवरचं मी सोन. डोंगरांनी वेढलेली दरी आणि तिच्यात विटांचे लालसर मनोरे. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्राचीन चंपा राज्याचा राजा भद्रवर्मन यानं इथे शिवमंदिर स्थापलं आणि देवाला स्वतःच्या नावावरून भद्रेश्वर म्हटलं. ते मंदिर पुढे जळालं. सातव्या शतकात शंभुवर्मन यानं ते पुन्हा उभारलं आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. त्यानंतर तेराव्या शतकापर्यंत एकामागून एक राजे इथे बांधत राहिले. त्यांचे लेख संस्कृतात आणि चंपाच्या लोकांच्या चाम भाषेत आहेत. इथल्याही दाराच्या चौकटी दगडी, भिंती विटांच्या, आणि नक्षी रचलेल्या विटांवर मागाहून कोरलेली. दोन विटांमधला सांधा डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्या कशानं जोडल्या, यावर जाणकार अजून वाद घालतात. सिरपूर पाहिलेल्या मुलाला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. तो आपणहूनच विटेवर बोट ठेवेल.

या दोन जागांना जोडणारा आजचा धागाही आहे. सिरपूरचं मंदिर ज्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहे, त्याच विभागाच्या तज्ज्ञांनी २०१७ ते २०२२ या काळात मी सोनच्या काही मंदिरसमूहांची डागडुजी केली. मे २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मातीखालून वर आलं. याच दरीनं युद्धही पाहिलं आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बनी इथला सर्वांत भव्य मनोरा जमीनदोस्त केला होता. बॉम्बचे खड्डे मंदिरांच्या शेजारी अजून आहेत. शाळकरी मुलांना युद्ध म्हणजे काय हे सांगायला याहून स्पष्ट जागा मिळणार नाही.

दनांग शहरातलं चाम शिल्पांचं संग्रहालय तर हॉटेलपासून टॅक्सीनं काही मिनिटांवर असतं. फ्रेंचांच्या काळात, १९१९ साली ते लोकांसाठी उघडलं. मी सोनहून आणलेला एक गणपती तिथे आहे. बाराशे-तेराशे वर्षांचा, आणि बसलेला नाही, उभा. सोंड हातातल्या खाऊच्या वाटीकडे वळलेली. गणेशोत्सवात दहा दिवस आरत्या म्हणणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बसेस याच शहरातून रोज फिरतात आणि इथे थांबत नाहीत. सहल आखणाऱ्यांनी एक तास इथे द्यावा, ही मागणी ग्राहकांनीच करायला हवी. त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही.

जेवणाचा मुद्दा याहून नाजूक. परदेशात घरचं जेवण मिळालं की जीव भांड्यात पडतो, हे खरं. पण भिलाईची गोष्ट वेगळी आहे. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यानं इथे तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, मराठी अशी घरं एकमेकांना चिकटून वसवली. शेजारच्या डब्यातलं खाऊन वाढलेल्या माणसाला दनांगच्या रस्त्यावर बिचकायचं कारण नाही. त्यातून हा तांदळाचा मुलूख, आणि छत्तीसगडला तर ‘धान का कटोरा’च म्हणतात. तांदळाच्या पिठात हळद घालून तव्यावर चुर्र करून टाकलेलं बान् सेओ पाहिलं की कोकणातून आलेल्या आजीला घावन आठवेल आणि हुडकोत जन्मलेल्या नातवाला चीला. ते पालेभाजीच्या पानांत आणि पुदिन्यासारख्या हिरव्या पाल्यात गुंडाळून खायचं. मी क्वांगमध्ये तांदळाच्या रुंद शेवया, थोडासाच रस्सा, वर भाजलेले शेंगदाणे आणि तांदळाचा कुरकुरीत पापड. होई आनचं काव लाव हे जाड शेवयांचं, तिथलंच म्हणून ओळखलं जाणारं.

शाकाहारी माणसाला इथे अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. आंबवलेल्या माशांचा रस, म्हणजे नुओक माम, भाजीतही पडतो. बान् सेओच्या पोटात बहुधा कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. पण उपाय त्याच देशात आहे. बौद्ध परंपरेतून आलेलं मांसमासे वगळलेलं जेवण, त्याला ते ‘चाय’ आणि ते खाण्याला ‘अन् चाय’ म्हणतात. त्याच्या लहान लहान खानावळी जागोजागी आहेत. तिथे टोफू, मशरूम, फणस, वांगी, पाले यांचे पदार्थ मिळतात आणि माशांच्या रसाऐवजी सोयाबीनचा किंवा तसाच बिनमाशांचा रस वापरतात. ‘परदेशात शाकाहारी काही मिळत नाही’ हे वाक्य व्हिएतनामपुरतं तरी सहल कंपन्यांनी सोडून द्यावं. तिथे मिळतं, फक्त बस त्या गल्लीत जात नाही.

होई आनला संध्याकाळी जावंच. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दनांगमध्ये विलीन झाल्यानं होई आन आणि मी सोन ही दोन्ही स्थळं आता दनांग महानगराच्याच हद्दीत आहेत. युनेस्कोनं दोघांनाही एकाच वर्षी, १९९९ मध्ये, जागतिक वारसा ठरवलं. होई आनचा छताचा जपानी पूल २० हजार डोंगच्या नोटेवर छापलेला आहे. मुलांनी नोट हातात धरून तो शोधावा.

एका दिवसात हे सगळं बसतं का? बा ना हिल्स वगळलं तर बसतं. ऊन तापायच्या आत मी सोन, दुपारी चाय खानावळ, मग संग्रहालय, संध्याकाळी होई आन. आजी-आजोबांसाठी मी सोनला प्रवेशद्वारापासून आतपर्यंत छोट्या गाड्या आहेत. केबल कारसाठी मुलं हटून बसली तर एक दिवस वाढवावा, मी सोन कापू नये.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उघडावं. व्हिएतनामी लोकही चांद्रमास मोजतात. त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच जण चाय पाळतात, तेव्हा शाकाहारी जेवण सहज मिळतं. चौदाव्या रात्री होई आनच्या जुन्या भागात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. ही रात्र आपल्या शुक्ल चतुर्दशीला, कधी कधी एखाद्या दिवसाच्या फरकानं येते. विमानाची तिकिटं त्या बेतानं काढावीत आणि त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन सिरपूर गाठावं.