पुसलेला वॉर्ड, हरवलेला हिशेब

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. 9 सप्टेंबर 1942 रोजी येथील कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि नऊ जणांनी प्राण वेचले. राज्य लोकांचे व्हावे म्हणून ते रक्त सांडले. परंतु लोकांचे राज्य सामान्य माणसाला प्रथम भेटते ते दिल्लीत नव्हे, त्याच्या वॉर्डात. नळाचे पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा, स्मशानाची वाट यांचा निकाल तेथेच लागतो. म्हणून वाचकहो, वरवर क्षुल्लक वाटणारा एक प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. जो वॉर्ड नकाशावरून नाहीसा होतो, त्याच्या निवडणुकांच्या इतिहासाचे काय होते?

वडूजला ग्रामपंचायत होती तोवर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली गाव वॉर्डांत विभागलेले होते. पुढे नगरपंचायत आली आणि 2016 साली तिची पहिली निवडणूक झाली. जुने वॉर्ड गेले; 17 प्रभाग आले व प्रत्येकास एक नगरसेवक मिळाला. घरे तीच, माणसे तीच, रेषा मात्र नवी. कोणता वॉर्ड कोणासाठी राखीव होता, कोणास किती मते पडली, कोणी कोणते वचन मोडले, हा सारा हिशेब ज्या चौकटीत मांडलेला होता ती चौकटच निघून गेली.

हा केवळ दप्तराचा प्रश्न नव्हे. 1993 साली अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या. त्या जागा निरनिराळ्या प्रभागांत आळीपाळीने फिरविता येतात. पण मागे कोणाची पाळी झाली हे ठाऊक नसेल, तर आळीपाळीला अर्थ काय राहिला? जिल्हा परिषदांच्या बाबतीत 2025 साली राज्य सरकारने नवे नियम केले आणि त्यानंतरची निवडणूक आरक्षणाच्या फेऱ्यासाठी पहिली धरावी असे ठरविले. त्याविरुद्धचे अर्ज उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फेटाळले. मागील पाळ्यांचा हिशेब एका नियमाने संपला.

वडूजकरांनी याहून जवळचा धडा पाहिला आहे. 21 डिसेंबर 2021 रोजी नगरपंचायतीचे मतदान झाले, परंतु इतर मागासवर्गीयांसाठी राखलेल्या प्रभागांत त्या दिवशी ते झालेच नाही. मागासलेपणाची आवश्यक ती आकडेवारी सरकारने गोळा केलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या जागा सर्वसाधारण ठरल्या व तेथे 18 जानेवारी 2022 रोजी मतदान झाले. नोंद नसली म्हणजे हक्क कसा गळून पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

आता रेषेची गोष्ट. अनुसूचित जातींची जागा सामान्यतः त्यांची टक्केवारी ज्या प्रभागात अधिक, तेथे जाते. शंभर घरांची वस्ती एका प्रभागात राहिली तर उमेदवारास तिच्या दारी यावेच लागते. तीच वस्ती दोन प्रभागांत निम्मी निम्मी विभागली की टक्केवारी उतरते, जागा दुसरीकडे जाते आणि मताचे वजन घटते. कोणाचाही मताधिकार काढून घेतलेला नसतो; तरीही तो निष्प्रभ होतो.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. याच खटाव तालुक्यात त्यांचे वडील तलावाच्या कामावर रोखपाल होते. 1901 साली मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघालेल्या या मुलांची गाडी हाकण्यास गाडीवान तयार झाला नाही आणि वाटेत त्यांना पाणी मिळाले नाही. त्या मुलाने पुढे ऑक्टोबर 1932 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत बिलावर बोलताना बजावले की, प्रौढ मताधिकार एवढ्याने अल्पसंख्य अस्पृश्यांचे रक्षण होणार नाही. त्यांना राखीव जागा हव्यात.

कायद्याची आणखी एक बाजू आपण नीट समजून घ्यावी. मतदारसंघांची आखणी व जागांची वाटणी यासंबंधीच्या कायद्यास न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 243 यछ सांगते. निवडणूक झाल्यावर उरते ती निवडणूक याचिका, आणि तिची मुदत अत्यंत अल्प असते. म्हणून खरी लढाई प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते त्या वेळीच लढली पाहिजे. हरकती व सूचना मागविल्या जातात ते मोजके दिवस आपले लोक बेसावधपणे घालवितात व नंतर नशिबाला बोल लावतात. नशिबाचा यात काही संबंध नाही.

तेव्हा प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. तीत मागील प्रत्येक निवडणुकीतील वॉर्डाच्या चतुःसीमा, आरक्षण, उमेदवार व त्यांची मते लिहावी. प्रारूप नकाशा लागताच प्रगणक गटांची लोकसंख्या त्याच्याशी ताडून पाहावी, आणि वस्ती तोडलेली दिसल्यास मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. वॉर्ड पुसणे सरकारच्या हाती आहे. त्याचा हिशेब जपणे आपल्या हाती आहे. ज्याच्याजवळ हिशेब असतो, त्यालाच जाब विचारता येतो.